लवंगी ऑनलाइन आहे

१

मला राग येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी तोंड वाकडं करायला नको.

सकाळी मी झोपेत असतानाच आई पंखा बंद करायची, त्याचा राग यायचा. भिसेगावातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मोरीचं दार लागायचं नाही, आंघोळ करताना एका पायाने ते दाबून धरावं लागायचं, त्याचा यायचा. मग दप्तर घेऊन रेल्वेचा पूल चढायचा, पलीकडे कर्जतात उतरायचं आणि नव्या शाळेच्या गेटातून मान खाली घालून आत शिरायचं. नववी ब. पहिल्या दिवशी बाईंनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "ही संजना. लोधिवलीहून आलीय. चौक गावाजवळ, जुन्या हायवेवर." झालं. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव 'हायवे' पडलं होतं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात. नववीत कुणी शाळा बदलतं का? पप्पांना कळंबच्या एका रिसॉर्टवर सुपरवायझरची नोकरी लागली, त्यांना जवळ पडावं म्हणून आम्ही कर्जतला आलो. इथपर्यंत ठीक. पण लोधिवलीचं घरही पप्पांनी विकून टाकलं. घेणारा पनवेलचा. दिवाळीनंतर तो ते पाडणार आणि तिथे गोडाऊन बांधणार. हे मला सामान बांधायला घेतल्यावर कळलं. म्हैस विकली तेव्हा पप्पांनी तिच्या पाठीवरून हात तरी फिरवला होता.

मी भांडले, ताटं आपटली, जेवण सोडलं. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं एवढं चिडू नये गं." पप्पा म्हणाले, "शांत बसायला काय घेशील?" शाळेत बाई म्हणाल्या, "जरा हसून बोलावं, म्हणजे मैत्रिणी होतात." सगळ्यांना एक शांत, हसरी संजना हवी होती. ती माझ्याकडे नव्हती.

२

माझ्याकडे गेम होता. सगळे खेळतात तोच. विमानातून बेटावर उडी मारायची, रिकाम्या घरांत शिरून बंदुका गोळा करायच्या, शेवटपर्यंत जगायचं. चौघांचं स्क्वॉड, कानात इअरफोन, माइक चालू. माझी आयडी 'लवंगी'. चौकच्या शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं नाव, आणि मला ते शोभतंच.

तेच नाव मी कंपासच्या डब्यावर पेनने कोरलं होतं. मागच्या बाकावरून एक हात पुढे आला आणि त्या नावावर बोट टेकलं.

"लवंगी म्हणजे तू?" स्वराज म्हणाला. "मला दोनदा मारलंयस तू. एकदा तर मी हातपंपामागे लपलो होतो, तिथे येऊन मारलंस."

"मग नीट लपायचं," मी म्हणाले.

तो हसला. हसण्याआधी तो नाकातून हवा सोडतो. नव्या शाळेत मला कुणीतरी माझ्या तोंडावर हसलं आणि मला राग आला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

त्या संध्याकाळपासून आम्ही एका स्क्वॉडमध्ये. स्वराज, मी, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहणारी आणि आमच्याच वर्गातली फराह, आणि तिचा भाऊ आदिल. दिवेलागणीला आई देवापाशी उदबत्ती लावायची आणि मी गॅलरीत जाऊन बसायचे. मी माइकवर जाम ओरडायचे. "माझी बंदूक का उचललीस रे माकडा? ठेव खाली!" आदिल चिडायचा, फराह माइक बंद करायची, आणि स्वराज नाकातून हवा सोडायचा. शाळेत तो मधल्या सुट्टीत नळाच्या कट्ट्यावर माझ्या शेजारी येऊन बसायला लागला. त्याच्या डब्यात रोज बटाट्याची भाजी असायची आणि अर्धी तो न विचारता माझ्या झाकणात काढायचा.

मला तो आवडायला लागला. त्यात लपवायचं काय?

३

पहिल्या चाचणीचे पेपर मिळाले आणि गणिताच्या पेपरावर पप्पांनी सही करायच्या आधीच माझा मोबाइल उचलला. माझ्यासमोर बंद केला, लोखंडी कपाटात टाकला, किल्ली स्वतःच्या खिशात.

"दिवाळीला बघू," ते म्हणाले.

मी किती ओरडले ते बिल्डिंगला माहीत आहे. त्या संध्याकाळी मी गॅलरीत नुसती बसून राहिले. खाली फराहच्या घरातून गोळ्यांचे आवाज येत होते. माझ्यावाचून खेळतायत, या विचाराने डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर स्वराजला काय सांगायचं हे मी रस्ताभर जुळवत गेले. सांगायची वेळच आली नाही.

"काल भारी खेळलीस," तो म्हणाला.

"कोण?"

"तू. आणि किती छान बोललीस. असं रोज बोलायला काय होतं गं तुला?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी काल नव्हते, माझा मोबाइल कपाटात आहे, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो भाजी काढता काढता थांबला.

"मग ती ट्रकची गोष्ट कुणी सांगितली?"

"कसली गोष्ट?"

"हायवेवरून ट्रक गेला की तुमच्या मांडणीवरची भांडी वाजायची. तू लहानपणी झोपेतून न उठता सांगायचीस, हा टँकर, हा कंटेनर, हा रिकामा ट्रेलर. काल सांगितलंस की."

ही गोष्ट खरी आहे. ती मी कुणालाही सांगितलेली नाही. आईलासुद्धा नाही, कारण तेव्हा मी झोपलेय असं तिला वाटायचं.

४

मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आयडी हॅक होते, हे कुणालाही माहीत आहे. आवाजाची नक्कलही हल्ली मोबाइलवर करता येते, आमच्या चौकच्या शाळेत एका पोराने मुख्याध्यापकांचा आवाज काढून वर्गाला सुट्टी दिली होती. राहिली ट्रकची गोष्ट. ती मी कधीतरी, कुठेतरी बोलले असेन आणि विसरले असेन. मी फराहच्या मोबाइलवरून माझा पासवर्ड बदलला. तरी स्क्रीनवर हिरवा ठिपका तसाच. लवंगी ऑनलाइन आहे.

"कपाट उघडून बघितलंस का?" फराहने विचारलं.

बघितलं होतं. पप्पा आंघोळीला गेले तेव्हा किल्ली काढून. मोबाइल चादरींच्या खाली, बंद, थंडगार पडला होता. मला कुणी बहीण नाही, वहिनी नाही, माझा पासवर्ड माहीत असलेलं जगात कुणीही नाही.

संध्याकाळी फराह आणि मी जिन्यात बसलो. तिने माइक बंद ठेवला आणि इअरफोनचं एक टोक माझ्या कानात दिलं. आदिल आणि स्वराज आधीच गेमच्या लॉबीत होते.

"आले रे," तिसरा आवाज म्हणाला.

रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज आपल्याला परका वाटतो. म्हणून मी खात्रीने काही म्हणाले नसते. पण फराहने माझा दंड घट्ट धरला. तिने मला कधीच रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं नव्हतं, रोज समोरच ऐकत होती.

खेळ सुरू झाला. आदिलने तिच्या पुढ्यातली बंदूक उचलली. मी वाट बघत होते, आता ओरडेल.

"असू दे रे, तुला हवीय तर घे," ती म्हणाली आणि हसली.

मी आयुष्यात कुणाला 'असू दे' म्हटलेलं नाही. माझ्या घशात ते शब्द बसतच नाहीत. आणि इथे माझा घसा ते म्हणत होता, अगदी सहज, आणि स्वराज तिच्यासाठी नाकातून हवा सोडत होता. मला भीती वाटायला हवी होती. आधी राग आला.

मग तिच्या आवाजामागे काहीतरी घरघरत आलं, लांबून जवळ. आणि भांडी वाजली. आधी वरच्या फळीवरचे पेले, मग डबे, शेवटी परात. भरलेला कंटेनर, पुण्याकडे जाणारा. मला विचार न करता कळलं.

आमची मांडणी वरती भिसेगावच्या स्वयंपाकघरात होती. पप्पांनी स्वतः भिंतीला ठोकली होती. आमच्या गल्लीत टेंपोसुद्धा वळत नाही.

५

पुढच्या आठवड्यात मला वर्गात कुणी 'हायवे' म्हणेना.

पुढच्या बाकावरच्या मुली वळून हसायच्या. एकीने माझ्यासाठी मेंदीचा कोन आणला, "काल गेममध्ये म्हणालीस ना, आवडते म्हणून." मला मेंदीच्या वासाने मळमळतं. बाईंनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रुळलीस हं छान." मी ज्याला त्याला सांगत सुटले की ती मी नाही. त्यावर सगळे आधी हसायचे, मग एकमेकांकडे बघायचे. मी फराहला म्हणाले, तू तरी सांग. फराह म्हणाली, "यार, मी घरी सांगितलं. अम्मी म्हणाली, परत त्या भानगडीत पडायचं नाही." तिने गेम काढून टाकला. मोबाइल मात्र मागितला तर द्यायची.

स्वराजला मी पुलावर गाठलं. खालून मालगाडी चालली होती.

"तुला कळत कसं नाही? तो मोबाइल कपाटात आहे! चल घरी, दाखवते!"

"बघ, परत ओरडतेस." तो कठड्याला टेकला. "समोर असलीस की अशी असतेस. मोबाइलवरची तू वेगळीच असतेस. खरं सांगू? ती तू मला आवडतेस."

मला कुणीतरी आवडतेस म्हणावं, त्यानेच म्हणावं, अशी मी किती दिवस वाट बघत होते. ते असं मिळालं.

"ती मी नाही," मी म्हणाले.

"मग कोण?" त्याने विचारलं, आणि तो खरंच उत्तराची वाट बघत थांबला. तोच पुढे म्हणाला, "बरं, रविवारचं नक्की ना? हा नाही, पुढचा."

"कसलं?"

"लोधिवलीला बोलावलंयस ना मला. घर दाखवते म्हणालीस. मागच्या खोलीत बसून खेळू म्हणालीस. मी घरी क्लास आहे म्हणून सांगणार आहे."

"ते घर विकलंय. कुलूप आहे त्याला."

"मी पण तेच विचारलं," स्वराज म्हणाला. "तू म्हणालीस, असू दे, तू ये तर."

६

मी घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. आई भाकऱ्या थापत होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वराज आवडतो तेवढं सोडून, आणि ते तिला तेवढ्यातच कळलं. तिचा विश्वास बसला नाही. बसेल कसा?

"मोबाइल परत मिळावा म्हणून कायबाय रचतंस," ती म्हणाली.

मी खाली गेले आणि फराहचा मोबाइल घेऊन आले. गेम परत टाकला, लॉबी उघडली, स्पीकर चालू केला आणि मोबाइल ओट्यावर पिठाच्या परातीशेजारी ठेवला. हिरवा ठिपका होताच. थोडा वेळ नुसती खरखर आली. मग ती बोलली.

"आई, जेवलीस का गं?"

"नाय गं अजून," आई म्हणाली. "तुजे पप्पा येतील, मंग."

ती बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की मी तिच्यासमोर तोंड मिटून उभी आहे.

मी मोबाइल बंद केला. तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. आईने ती उलटली नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, ते मी बघितलं. पण भीतीच्या आधी दुसरं काहीतरी येऊन गेलं होतं, तेही मी बघितलं. जेवलीस का, असं मी तिला कधी विचारलेलं नाही. कुणी विचारतं का असं रोज?

"घर सोडलं त्या दिशी," आई हळूच म्हणाली, "मी हाका मारल्या नव्हत्या का?"

आमच्यात हे असतं. कुठलीही जागा सोडताना, घर असो नाहीतर लग्नाचा हॉल, शेवटी निघणारी बाई उंबऱ्यात उभी राहते, आत तोंड करते आणि आपल्या एकेकाला नावाने हाक मारते. ज्याने त्याने बाहेरून ओ द्यायची. मग दार लावायचं. का, ते कुणी सांगत नाही. त्या दिवशी आईने पप्पांना हाक मारली असेल, माझा मामा गजा टेंपो घेऊन आला होता त्याला मारली असेल. मी टेंपोत पुढे बसले होते. कानात इअरफोन, मॅच चालू, आणि डोक्यात एवढा राग की देवाने हाक मारली असती तरी बोलले नसते.

"मी ओ दिली नव्हती," मी म्हणाले.

"दिलीस की. आले, आई, म्हनालीस. किती गोड म्हनालीस. मला बरं वाटलं. म्हटलं, गेला येकदाचा पोरीचा राग."

"कुठून दिली?"

आईने हाताचं पीठ झटकलं. ते आधीच कोरडं होतं.

"आतनं," ती म्हणाली. "मागल्या खोलीतनं. मला वाटलं, मागल्या दारानं आलीस असशील टेंपोत."

मागचं दार पप्पांनी आदल्याच दिवशी फळ्या ठोकून बंद केलं होतं. आईनेच त्यांना खिळे दिले होते.

७

"ह्या रविवारी जाऊ," आई म्हणाली. "त्यो पोरगा जायच्या आदी. मी परत हाक मारते. ह्या येळंला तू ओ दे, म्हंजे झालं." दुसरी चावी तिने अजून तांदळाच्या डब्यात ठेवली होती. पप्पांना आम्ही चौकच्या बाजारात जातो म्हणून सांगितलं.

मिनीडोअर टमटमने चौकच्या पुढे आलो, लोधिवलीच्या फाट्यावर उतरलो. भर दुपार होती. पाऊस उघडला होता आणि भातं कमरेएवढी झाली होती. आमचं घर रस्त्यापासून थोडंसंच आत. पत्र्यावर गवत उगवलं होतं, बाकी काही बदललेलं नव्हतं. कुलूप आईने लावलं तसंच होतं, गंजलेलं. चावी फिरवताना तिला दोन्ही हात लावावे लागले.

आत बंद घराचा वास होता. पुढची खोली रिकामी. भिंतीवर कॅलेंडरच्या जागेचा स्वच्छ चौकोन. जमिनीवर धूळ, आणि धुळीत उंदराच्या पावलांशिवाय काही नाही. मला हायसं वाटलं. कुणी इथे राहत असतं, येत-जात असतं, तर धुळीत दिसलं असतं. मी आईला तसं म्हणालेही.

आई मागच्या खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्या खांद्यावरून बघितलं.

खिडकीखाली मी बसायचे. तिथेच चार्जिंगचा प्लग होता. तेवढीच फरशी, एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच, पुसून लख्ख केलेली होती. बाकी सगळीकडे धूळ होती आणि तिथपर्यंत जाणारं एकही पाऊल नव्हतं.

बाहेर हायवेवर काहीतरी घरघरत आलं. रिकामा ट्रेलर. आणि स्वयंपाकघरात, जिथे भिंतीवर नुसती खिळ्यांची भोकं उरली होती, तिथे पेले वाजले. मग डबे. मग परात.

"भायेर हो," आई म्हणाली. "अंगणात उबी रहा. हाक मारली की ओ दे. मोट्यानं दे."

मी अंगणात आले. आई उंबऱ्यात उभी राहिली, माझ्याकडे पाठ, आत तोंड. तिने पदर नीट केला. मी खोल श्वास घेतला. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात कुणाबद्दल राग नव्हता. मला फक्त माझ्या आईने हाक मारायला हवी होती.

"संजना," आईने हाक मारली. "चल गं."

"आले, आई," आतून आवाज आला. लगेच. जवळून.

"आले!" मी ओरडले. "आई, मी आले! मी इकडे आहे!"

आई वळली नाही.

मला तिची पाठ दिसत होती. ब्लाउजवरचा घामाचा डाग, अंबाड्यातून सुटलेले केस. तिचे खांदे वर चढलेले होते ते हळूहळू खाली आले, डोक्यावरची मोळी कुणी उतरवून घ्यावी तसे. मग ती दारात थोडी बाजूला सरकली. आपण अडचणीच्या दारात दुसऱ्याला वाट देतो ना, तशी.

"हळू गं," ती म्हणाली. "उंबरा उंच हाय."

तिचा आवाज एवढा मऊ होता की मी ओरडायची थांबले. माझ्याशी ती शेवटची अशी कधी बोलली होती ते मला आठवेना. मग मी परत ओरडायला लागले. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. जे जे तोंडात आलं ते बोलले.

आईने दार ओढलं, कुलूप लावलं आणि पायरी उतरली. तिचा उजवा हात बाजूला होता, माझ्या मनगटाच्या उंचीवर, आणि मूठ अर्धी मिटलेली. ती माझ्या जवळून गेली तेव्हा मी तिचा दुसरा हात धरला. तिने माझ्याकडे बघितलं. ओळखलं तिने मला. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. तिला मी दिसत नव्हते असं नाही, कळत नव्हतं असंही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हलत होते.

"लय दमले गं मी तुज्यापायी," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेतला.

रस्त्यावर तिने मिनीडोअरला हात केला. मी पाठोपाठ धावले, पण चिखलात माझी चप्पल अडकली.

"मावशी, किती जणी?" ड्रायव्हरने विचारलं.

"दोगी," आई म्हणाली आणि आत बसून सरकून घेतलं.

गाडी निघाली. मागची बाजू उघडी होती. आईचा अंबाडा दिसत होता आणि तिच्या शेजारी एक वेणी, लाल रिबीन लावून नीट, घट्ट घातलेली. माझी वेणी कधीच तशी राहत नाही. आईने त्या डोक्यावर हात ठेवला आणि ते डोकं तिच्या खांद्यावर टेकलं.

मी रस्त्यातला दगड उचलला आणि जीव खाऊन फेकला. लागला नाही. मी दुसरा उचलला.